आजाराचं जनुक तसंच राहतं, तरी आजार थांबतो: सिकलसेलवरचा जनुकोपचार नेमकं करतो काय?

‘सिकलसेलचं बिघडलेलं जनुक दुरुस्त केलं, रुग्ण बरा झाला.’ अशा मजकुराची बातमी गेल्या काही वर्षांत अधूनमधून येतेच. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने क्रिस्पर या डीएनएत छेद देणाऱ्या तंत्रावरच्या पहिल्या उपचाराला मंजुरी दिली, तेव्हा तर ती जगभर झळकली. या बातमीचा उत्तरार्ध बराचसा खरा आहे. पूर्वार्ध मात्र खरा नाही. त्या उपचारात बिघडलेल्या जनुकाला कुणी हातसुद्धा लावत नाही. उपचारानंतरही ते बिघडलेलंच असतं, आणि त्या रुग्णाचं रक्त तपासलं तर त्यात सिकल हिमोग्लोबिन सापडतंच.

मग माणूस बरा कसा होतो? हे समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे वैद्यकशास्त्राने समोरून धडक न मारता बाजूची वाट काढली आहे. आणखी एक गोष्ट बातम्यांतून निसटते. या उपचारातला सगळ्यांत अवघड आणि धोक्याचा भाग जनुकाचा नाहीच. तो आहे त्याआधी दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीचा, आणि बातमीत त्याला बहुधा अर्धी ओळ मिळते.

एका अक्षराची चूक

फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोचवण्याचं काम तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन करतं. मोठ्या माणसांत हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा असतो: दोन अल्फा, दोन बीटा. साखळी कशी बनवायची हे डीएनएच्या ज्या तुकड्यात लिहिलेलं असतं, ते तिचं जनुक. बीटाच्या जनुकात एक अक्षर बदललं, ‘ए’च्या जागी ‘टी’ आलं, की साखळीतला सहावा घटक बदलतो. सिकलसेल आजाराच्या मुळाशी एवढीच चूक असते. आई आणि वडील दोघांकडून असं जनुक आलं तर हा आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस फक्त वाहक असतो, आणि वाहकाला सहसा काही त्रास नसतो. उलट मलेरियापासून त्याला थोडं संरक्षणच मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिलं, आणि इतकं घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं कसं, याचा उलगडा झाला.

बदललेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन जाताना नीट वागतं. ऑक्सिजन सोडून दिल्यावर मात्र त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब, ताठ दोरे बनतात आणि गोल, लवचीक पेशी कोयत्याच्या आकाराची, कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. रुग्ण आणि डॉक्टर दोघंही याला ‘क्रायसिस’ म्हणतात. त्याशिवाय पक्षाघात, फुप्फुसात अडथळा, खुब्याचं हाड मरणं, मूत्रपिंड निकामी होणं हे सगळं हळूहळू मागे लागतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कायम कमी.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचं वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध केलं. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा एका रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. पुढच्या दशकात व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका कोणता घटक बदलतो तेही शोधून काढलं. माणसाच्या आजारांपैकी इतकं स्वच्छ कारण इतक्या लवकर हाती लागलेला दुसरा आजार क्वचितच असेल. तरीही जनुकाच्या पातळीवरचा उपचार मंजूर व्हायला पुढे सहा दशकांहून जास्त काळ गेला.

थॅलेसेमिया हा याच घरातला दुसरा आजार. त्याच्या बीटा प्रकारात साखळी वेडीवाकडी होत नाही, ती बनतच नाही किंवा फार थोडी बनते. अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साठत जाणारं लोह काढायला पुन्हा वेगळं औषध. पुढे जे सांगतो आहे ते बरंचसं दोन्ही आजारांना लागू आहे.

जन्मल्यावर बाळ ठणठणीत का असतं?

१९४८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फारच कमी असतात आणि पहिले काही महिने या बाळांना त्रासही होत नाही. जनुक तर जन्मापासूनच बिघडलेलं असतं. मग?

कारण असं की पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्याला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा नावाच्या साखळ्या असतात. याला आपण गर्भ-हिमोग्लोबिन म्हणू. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं उत्पादन जवळजवळ बंद होतं आणि बीटाचं वाढतं. बीटाच बिघडलेली असेल तर आजार तेव्हा डोकं वर काढतो. गॅमाची जनुकं मात्र कुठे जात नाहीत. बीटाच्या शेजारीच, अकराव्या गुणसूत्रावर, ती धडधाकट अवस्थेत आयुष्यभर गप्प बसून राहतात.

काही लोकांत ती गप्प बसत नाहीत. मोठेपणीही त्यांच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन भरपूर असतं. हा एक निरुपद्रवी आनुवंशिक गुण आहे, आणि असे लोक निरोगी आयुष्य जगतात. यांतल्याच कुणाला सिकलसेलचं जनुक मिळालं तर आजार अगदी सौम्य राहतो. म्हणजे उपाय निसर्गाने आधीच करून दाखवलेला होता. मोठ्या माणसात गॅमाचं तोंड कोण दाबून ठेवतं, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

ते २००८ च्या सुमारास सापडलं. हजारो लोकांच्या डीएनएची तुलना करताना बीसीएल११ए नावाच्या जनुकाकडे बोट गेलं, आणि बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने सिद्ध केलं की गॅमाला दाबणारं जनुक हेच. ते बंद पाडलं की गर्भ-हिमोग्लोबिन परत सुरू होतं. अडचण अशी की या जनुकाला इतरही कामं आहेत. मेंदूच्या वाढीत आणि रोगप्रतिकारक पेशी घडवण्यात त्याची गरज असते, ते सरसकट मोडून चालणार नाही. २०१३ मध्ये याच वर्तुळातल्या डॅनियल बाउअर आणि सहकाऱ्यांनी त्यावरही तोड काढली. बीसीएल११एच्या आत एक छोटा तुकडा आहे, जो फक्त तांबड्या पेशी घडताना या जनुकाचं काम वाढवतो. तेवढाच बिघडवला, तर रक्तात गॅमा सुटी होते आणि बाकी शरीराला पत्ताही लागत नाही.

क्रिस्परचं काम इथे सुरू होतं. डीएनएमध्ये ठरवलेल्या जागी छेद देणारं हे साधन आहे. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांना त्यासाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. क्रिस्पर त्या छोट्या तुकड्यात छेद देतं. पेशी तो छेद घाईघाईने जोडते, जोडताना दोन-चार अक्षरं गाळते किंवा जास्तीची घालते, आणि तुकडा निकामी होतो. आपल्याला तेच हवं असतं. म्हणजे जगातला पहिला मंजूर क्रिस्पर उपचार काही दुरुस्त करत नाही. तो एक चालू गोष्ट जाणूनबुजून मोडतो.

मग मूळ चूकच का दुरुस्त करत नाहीत?

एकाच अक्षराची तर चूक आहे, ती सरळ का करत नाहीत, हा पहिला आणि रास्त प्रश्न.

डीएनए तोडणं सोपं आहे, हवं तसं लिहिणं अवघड. बरोबर अक्षर बसवायचं तर छेदाबरोबर नमुन्याचा डीएनए द्यावा लागतो आणि पेशीने तो बघून काळजीपूर्वक जोडणी करावी लागते. ही काळजीपूर्वक जोडणी पेशी मुख्यतः विभाजनाच्या काळात करते. ज्या पेशींवर उपचार करायचा त्या बहुतांश वेळ सुस्त असतात, विभागतच नाहीत. त्यात बीटाच्या जनुकात छेद दिला आणि पेशीने नमुना न बघता घाईची जोडणी केली, तर तिथे सिकलच्या जागी थॅलेसेमिया तयार होतो. अशा थेट दुरुस्तीची एक चाचणी अमेरिकेत सुरू झाली होती. पहिल्याच रुग्णाच्या रक्तपेशी दीर्घकाळ कमी राहिल्या आणि २०२३ च्या जानेवारीत ती थांबवावी लागली.

थॅलेसेमियात तर थेट दुरुस्ती आणखीच दूरची. तिथे चुकीचे शेकडो प्रकार आहेत, प्रत्येकासाठी वेगळं साधन बनवावं लागेल. गॅमाची वाट सगळ्यांना एकच पुरते.

थेट वाटेवरही काम चालू आहे. डीएनएचे दोन्ही धागे न तोडता एकच अक्षर बदलणारी साधनं आली आहेत. त्यांना सिकलचं अक्षर मूळ रूपात आणता येत नाही, पण त्याच जागी तिसरंच अक्षर आणून जनुक एका निरुपद्रवी प्रकारात नेता येतं, जो काही माणसांत मुळातच आढळतो आणि इंडोनेशियातल्या मकास्सार शहराच्या नावाने ओळखला जातो. २०२१ मध्ये उंदरांवर हे यशस्वी झाल्याचं प्रसिद्ध झालं. मला स्वतःला सगळ्यांत देखणा वाटतो तो हा मार्ग. पण देखणेपणावर उपचार निवडत नाहीत.

विषाणूच्या पाठीवरून

मंजूर झालेली दुसरी पद्धत जुन्या वळणाची आहे. तिच्यात बिघडलेलं जनुक तसंच ठेवून बाहेरून एक चांगलं बीटा जनुक पेशीत घालतात. ते पोचवतो एचआयव्हीपासून तयार केलेला एक विषाणू. हे वाचून दचकायला होतं. पण त्यातली आजार करणारी आणि स्वतःची संख्या वाढवणारी जनुकं काढून टाकलेली असतात. उरते ती पेशीच्या डीएनएत शिरण्याची हातोटी. त्याने एचआयव्हीची लागण होत नाही. त्याची खरी काळजी वेगळी आहे: आणलेलं जनुक तो डीएनएत कुठे ठेवेल, हे आपण ठरवू शकत नाही. कॅन्सरच्या प्रश्नापाशी याकडे परत येऊ.

रुग्णाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येतं

हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये, सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्या ज्यांच्यापासून होतात त्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल. अस्थिमज्जा हे शेत धरलं तर मूळपेशी हे बियाणं आणि तांबड्या पेशी हे पीक. रुग्णाला रक्त चढवणं म्हणजे बाहेरून धान्य आणून कोठार भरणं. ते संपलं की पुन्हा आणायचं. जनुकोपचार बियाणंच बदलू पाहतो. पण शेतात जुनं पीक उभं असताना वरून नवं बी फेकलं तर ते रुजेल कुठे? आधी रान मोकळं करावं लागतं. सगळा त्रास या मोकळं करण्यात आहे.

सुरुवात काही महिने आधी होते. सिकलच्या रुग्णाला निदान आठ आठवडे रक्त बदलत राहून वाकड्या पेशींचं प्रमाण खाली आणतात. मग इंजेक्शन देऊन मूळपेशींना अस्थिमज्जेतून रक्तात यायला लावतात आणि रक्त यंत्रातून फिरवून त्या वेगळ्या करतात. इतर आजारांत यासाठी जे औषध सर्रास वापरतात, ते सिकलमध्ये चालत नाही, त्याने जीवघेणा क्रायसिस येऊ शकतो. म्हणून पुरेशा पेशी मिळेपर्यंत ही फेरी पुन्हा पुन्हा करावी लागते. काही पेशी काही न करता गोठवून ठेवतात: पुढे काही बिनसलं तर परत द्यायला. उरलेल्या प्रयोगशाळेत जातात. तिथे संपादन (म्हणजे डीएनएतला तो बदल), तपासण्या आणि परत येणं यांत सहा महिन्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो.

मग रुग्ण भरती होतो आणि त्याला बुसल्फान नावाची केमोथेरपी शिरेतून दिली जाते. हे औषध अस्थिमज्जेतल्या जुन्या मूळपेशी मारून टाकतं. चार दिवस औषध, एक-दोन दिवसांची विश्रांती, आणि मग बदललेल्या पेशी रक्तासारख्या शिरेतून चढवतात. हा प्रसंग अगदी साधा असतो. फोटो मात्र याच पिशवीचा छापतात. पुढचे चार ते सहा आठवडे रुग्णाच्या अंगात लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात, प्लेटलेट नसतात, तोंड फोडांनी भरतं, केस जातात, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. यकृताच्या बारीक शिरा बंद होण्याची गुंतागुंत होऊ शकते. आणि बुसल्फान प्रजननक्षमता हिरावून घेऊ शकतं, म्हणून शुक्राणू किंवा बीजांडं आधीच जपून ठेवण्याचा विचार करावा लागतो. वयात न आलेल्या मुलांच्या बाबतीत तर हा निर्णय आईवडिलांनी मुलाच्या वतीने घ्यायचा असतो.

सिकलसेलवरच्या दुसऱ्या एका संपादन-उपचाराच्या चाचणीत २०२४ मध्ये एका रुग्णाच्या मृत्यूची बातमी आली. जनुक-संपादनामुळे तो झाला नव्हता; कारण बुसल्फानशी संबंधित असावं असं सांगण्यात आलं. रुग्णाच्या घरच्यांना मात्र या फरकाने काय दिलासा मिळणार? संमतिपत्रावर सही करताना हा धोका ‘उपचाराचा नाही, पूर्वतयारीचा’ म्हणून बाजूला काढता येत नाही. पूर्वतयारीशिवाय उपचार नाहीच.

भावाबहिणीचा बोन मॅरो चालत नाही का?

चालतो, आणि उत्तम चालतो. पूर्णपणे जुळणारा सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर, विशेषतः लहान वयात, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे निकाल फार चांगले आहेत, आणि त्याचा अनुभव १९८० च्या दशकापासूनचा आहे. पण एका सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक, आणि जुळलेल्या भावंडाला स्वतःला हा आजार नसावा लागतो. बहुतेक रुग्णांना असा दाता मिळत नाही.

परक्या पेशी घेतल्या तर दुसरंच संकट उभं राहतं. त्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात. ते रोखायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. जनुकोपचाराचा मोठा फायदा इथे आहे. पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असल्याने हे भांडण होत नाही. जुळणारं भावंड असताना थेट जनुकोपचाराकडे धावावं का, यावर डॉक्टर दोनदा विचार करायला सांगतात, आणि ते योग्य वाटतं.

प्रत्यारोपणाच्या अनुभवाने एक दिलासा देणारी गोष्टही शिकवली. दात्याच्या मूळपेशी फक्त सुमारे वीस टक्के रुजल्या, तरी सिकलचा आजार मागे हटतो. चांगल्या पेशी १२० दिवस टिकतात आणि वाकड्या लवकर मरतात, त्यामुळे रक्तात चांगल्यांचीच गर्दी होते. सगळंच बियाणं बदलायला हवं असं नाही.

‘बरा झाला’ म्हणजे किती?

मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे या अमेरिकेत क्रिस्पर उपचार घेणाऱ्या पहिल्या सिकलसेल रुग्ण. २०१९ मध्ये त्यांना बदललेल्या पेशी देण्यात आल्या. क्रायसिस थांबल्याचं त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. पण एका माणसाच्या अनुभवावरून औषध मंजूर होत नाही, म्हणून आकडे बघू.

अमेरिकेच्या मंजुरीच्या वेळी क्रिस्पर उपचार घेतलेले सिकलचे ४४ रुग्ण होते. त्यांतल्या ३१ जणांचा पाठपुरावा निष्कर्ष काढण्याइतका झाला होता. त्यांपैकी २९ जणांना निदान सलग बारा महिने एकही तीव्र क्रायसिस आला नाही. विषाणूच्या पद्धतीत ३२ पैकी २८ जणांचे वेदनांचे झटके ठरलेल्या काळात पूर्ण थांबले. हे लोक सौम्य आजाराचे नव्हते. वर्षाला दोन किंवा जास्त तीव्र क्रायसिस येणारेच घेतले होते. या औषधाविषयी मी कितीही शंका काढल्या तरी या आकड्यांपुढे त्या थोड्या नरम पडतात.

तरी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. या चाचण्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या दोन वर्षांशी केली. केमोथेरपी खोटीखोटी देता येत नाही, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. दुसरं, क्रायसिस थांबला म्हणून मेलेलं खुब्याचं हाड जिवंत होत नाही, झिजलेलं मूत्रपिंड भरून येत नाही. उपचार पुढचं नुकसान रोखण्यासाठी आहे. तिसरं, रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन सुमारे चाळीस टक्के होतं, उरलेल्यात सिकल असतंच. चाळीस टक्के पुरतात, कारण गर्भ-हिमोग्लोबिन त्या चिकटणाऱ्या दोऱ्यांमध्ये अडसर बनून बसतं. पण उपचारानंतर दुसऱ्या गावी कुणी साधी सिकल चाचणी केली तर ती ‘पॉझिटिव्ह’ येईल. उपचाराचे कागद जवळ असणं म्हणूनच गरजेचं.

वरचा आकडा कशाचा आहे हेही विचारावं. २०१९ मध्ये व्होक्सेलोटर नावाची गोळी अमेरिकेत मंजूर झाली, कारण तिने हिमोग्लोबिनचा आकडा वाढत होता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, कारण पुढच्या माहितीत ती घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसले. अहवालातला आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जनुकोपचारात क्रायसिसच मोजला आहे, ही जमेची बाजू.

कॅन्सर तर होणार नाही?

ही भीती उगाच नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा यकृताच्या आजारावरच्या जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला. विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया त्याच्या जिवावर बेतली. पाठोपाठ फ्रान्समध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांवरचा उपचार यशस्वी झाला, आणि २००२ मध्ये कळलं की त्यांतल्या काहींना रक्ताचा कॅन्सर होतो आहे. विषाणूने आणलेलं जनुक चुकीच्या शेजारी जाऊन बसलं होतं आणि पेशींची वाढ बेफाम झाली होती.

तेव्हापासून विषाणू बरेच सुधारले. पण धोका संपला असं नाही. मेंदूच्या एका आनुवंशिक आजारावरच्या, वेगळ्या रचनेच्या विषाणूच्या उपचारात ६७ पैकी ७ मुलांना रक्ताचे कॅन्सर झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. सिकलच्या विषाणू-उपचाराच्या सुरुवातीच्या गटातल्या दोघांनाही तो झाला. तिथे विषाणू हे कारण असण्याची शक्यता कमी असल्याचं तपासात निघालं, तरी औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा आहेच. या गुंत्याला आणखी एक पदर आहे: सिकलच्या रुग्णांना रक्ताच्या कॅन्सरचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, आणि बुसल्फानने तो वाढू शकतो.

क्रिस्परच्या पद्धतीत असा विषाणू नसतो. तिथे काळजी भलत्या ठिकाणी छेद पडण्याची. प्रयोगशाळेत शोधूनही तसा घातक छेद आढळला नाही, पण ‘आढळला नाही’ आणि ‘होणार नाही’ यांत अंतर आहे. शंभर लोकांत एकालाही कॅन्सर झाला नाही, तरी गणित एवढंच सांगतं की खरा धोका बहुधा तीन टक्क्यांपेक्षा कमी आहे. शून्य आहे असं सांगत नाही. म्हणून या रुग्णांवर पंधरा वर्षं नजर ठेवायची, असं नियामकांनी ठरवलं आहे. मंजुरी मिळाली तरी ‘प्रायोगिक’ हा शब्द इतक्या लवकर खोडता येत नाही, तो यामुळे.

घाई केली तर काय होतं याचा धडा याच घरातल्या थॅलेसेमियाने फार आधी दिला होता. १९८० मध्ये मार्टिन क्लाइन या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या विद्यापीठाची मंजुरी नसताना इस्रायल आणि इटलीत थॅलेसेमियाच्या दोन रुग्णांवर जनुकोपचार करून पाहिला. रुग्णांना फायदा झाला नाही आणि क्लाइन यांना पद आणि संशोधनाचा निधी गमवावा लागला.

मुलांना तर आजार जाणार नाही ना?

इथे गैरसमज फार आहे. उपचार फक्त रक्ताच्या मूळपेशींवर होतो. बीजांडं आणि शुक्राणू जसे होते तसेच राहतात. बऱ्या झालेल्या रुग्णाचं प्रत्येक मूल निदान वाहक असणारच. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता अर्धी. दोन वाहकांच्या बाबतीत ती पाव असते. म्हणजे उपचार झाला तरी लग्नाआधीची किंवा गरोदरपणातली तपासणी टळत नाही, उलट जास्त महत्त्वाची होते.

गोळी असताना हे कशाला?

हायड्रॉक्सीयुरिया ही रोज घ्यायची साधी गोळी अमेरिकेत मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी १९९८ मध्ये मंजूर झाली. गंमत अशी की तीही मुख्यतः गर्भ-हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. ती स्वस्त आहे, तिने क्रायसिस कमी होतात. पण प्रत्येकाला ती सारखी लागू पडत नाही, रक्त तपासत राहावं लागतं, आणि रोज घ्यावी लागते. ज्याचं गोळीवर नीट चाललं आहे त्याने केमोथेरपीचा धोका पत्करावा का, याचं सरसकट उत्तर नाही.

किमतीचं बोलायचं तर अमेरिकेत क्रिस्पर उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली आणि विषाणूच्या उपचाराची ३१ लाख. रुग्णालयाचा खर्च वेगळा. प्रत्येक रुग्णाचं औषध त्याच्याच पेशींपासून, एकट्यासाठी बनतं. एकदम मोठ्या प्रमाणात बनवून स्वस्त करण्याची सोय नाही. विकणाऱ्यांनाही ते परवडतंच असं नाही: विषाणूचा उपचार आणणारी कंपनी २०२५ मध्ये गुंतवणूकदारांना विकली गेली. दुसऱ्या बाजूला, २०२१ मध्ये जगात सुमारे ७७ लाख लोक सिकलसेलने आजारी होते असा अंदाज आहे, आणि हा आजार घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण करू शकणारी रुग्णालयं तिथे फारच कमी आहेत. किंमत उद्या दहा पट उतरली तरी ती अडचण राहीलच. नवजात बाळाची तपासणी, पेनिसिलिन, लसी आणि हायड्रॉक्सीयुरिया यांवर खर्च केलेला पैसा तिथे आज जास्त जीव वाचवेल, असं माझं मत आहे. जनुकोपचाराला त्याने कमीपणा येत नाही.

पेशी बाहेर काढायच्याच कशाला?

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका बाळावर, त्याच्या एकट्यासाठी बनवलेलं जनुक-संपादन झालं. त्याला ना केमोथेरपी लागली, ना पेशी बाहेर काढाव्या लागल्या. सलाईनमधून औषध दिलं, इतकंच. मग सिकलला असं का नाही, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

त्या बाळाचा आजार यकृताचा होता. संपादनाचं साधन चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून रक्तात सोडलं, की ते थेंब बहुतांशी आपोआप यकृतातच जातात. अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपर्यंत ते पोचवायचे तर याच सवयीविरुद्ध लढावं लागतं. थेंबांच्या अंगावर मूळपेशींना ओळखणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, बसवून २०२३ मध्ये उंदरांत हे काही प्रमाणात साधलं. दुसरीकडे बुसल्फानऐवजी फक्त मूळपेशींनाच वेचून मारणारे प्रतिपिंड वापरून रान मोकळं करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तसं झालं तर केस, तोंड आणि प्रजननक्षमता वाचू शकेल. पुढच्या वेळी ‘सिकलसेलवर नवा जनुकोपचार’ अशी बातमी दिसली, तर जनुकाचं काय केलं हे वाचून झाल्यावर खाली शोधायचं ते हे: केमोथेरपी लागली का, आणि पाठपुरावा किती वर्षांचा आहे.